प्रत्येक पट्टी स्वतंत्र पान

मला स्लाइड बनवता येतात. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉलनीत अजूनही दोन-तीन जणांचं मत वेगळं आहे आणि त्यातला एक आमच्याच घरात राहतो. मी तीस वर्षं फुलंब्रीच्या शाळेत चित्रकला शिकवली. रोज एसटीनं गेले, रोज एसटीनं आले. सत्तर पोरांच्या वर्गाकडून एकाच तासात सत्तर कावळे काढून घेतलेली बाई मी आहे, आणि मला लोक विचारतात, जमेल का हो तुम्हाला.

गोष्ट एका खोलीची आहे. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत एक खोली आहे. ती कार्यालयानं बांधली, कार्यालयानंच तिला कुलूप लावलं आणि नऊ वर्षांत ते कुणी उघडलं नाही. कुठलं कार्यालय ते सांगणार नाही. बदनामी करायचा हेतू नाही, शिवाय माझी पुढची कामंही तिथंच अडलेली आहेत. ती खोली मला हवी होती. मला म्हणजे अपेक्षाला. अपेक्षा ही आमच्या वरच्या मजल्यावरच्या कडूबाईंची मुलगी. घरात माणसं सात आणि खोल्या दोन, म्हणून ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. येणारा-जाणारा तिच्या पुस्तकावरून पाय टाकून जातो. मागच्या वेळी ती दोन गुणांनी राहिली. यंदाची परीक्षा फेब्रुवारीत आहे आणि कडूबाईंनी तिच्यादेखत मला सांगितलं होतं, "बाई, यंदा लागली तर लागली. नाय तर करमाडचं स्थळ काय हिच्यासाठी थांबून ऱ्हात नाय." पोरगीनं नुसतं पान उलटलं. मला फार राग आला. नेमका कुणाचा ते कळेना, म्हणून मी तो कुलपावर धरला.

सहा अर्ज दिले. सहाही अर्जांची पोच मिळाली, उत्तर एकाचंही आलं नाही. मग ऑक्टोबरात एक परिपत्रक निघालं. मोकळ्या जागांच्या वापराचे प्रस्ताव नागरिकांनी यापुढे 'आकर्षक व संवादात्मक स्लाइड-सादरीकरणाच्या स्वरूपातच' द्यावेत, वेळ दहा मिनिटं, अन्यथा प्रस्ताव अपात्र. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे बद्रीनाथराव, म्हणजे माझे यजमान, पेपरामागून म्हणाले, "झालं मग. संपला विषय." त्यांनी एवढंच म्हटलं नसतं तर कदाचित खरंच संपला असता.

कॉलनीत बातमी पोचायला एक संध्याकाळ लागली. पहिला आला समोरच्या घरातला विश्वजीत. हा शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे. काय करतो ते त्याच्या आईलाही माहीत नाही, पण स्लाइड करतो एवढं सगळ्यांना माहीत आहे. "काकू, एका स्लाइडवर सहाच शब्द," तो खुर्ची ओढत म्हणाला. मी म्हटलं, सहा शब्दांत मी आजवर कुणाला चहासुद्धा नको म्हटलेला नाही. "तसं नाय काकू. लोक वाचत नसतेत. बघतेत. तुम्ही टेन्शनच घेऊ नका, मी ए-आयला सांगतो, दोन मिनिटांत करून देतंय." आणि खरोखरच दोन मिनिटांत त्यानं अभ्यासिकेचं चित्र माझ्यापुढं धरलं. त्यात शेकोटी पेटलेली होती, खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि सोनेरी केसांच्या चार मुली पुस्तक वाचत होत्या. मी चष्मा लावून बोटं मोजली. डावीकडच्या मुलीला सहा होती.

मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, दारापर्यंत सोडलं. पण मनात म्हटलं, तीस वर्षं मी पोरांना हात काढायला शिकवला, अंगठा कुठून निघतो ते शिकवलं, आणि आता सहा बोटांची बाई घेऊन कार्यालयात जाऊ होय. आमच्या सायलीनं सासरी जाताना एक जुना लॅपटॉप मागं ठेवला होता. तो काढला, पुसला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

अकरा दिवस लागले. पहिले तीन दिवस मी चित्र डावीकडं सरकवलं की मजकूर गायब व्हायचा. पाचव्या दिवशी मला ॲनिमेशन सापडलं आणि सहाव्या दिवशी प्रत्येक अक्षर गिरक्या घेत येऊ लागलं. बद्रीनाथरावांना त्यानं घेरी आली, निदान ते तसं म्हणाले. मग मी शहाणी झाले. अक्षरं जागच्या जागी बसवली आणि बटणं केली. खोलीच्या दारावर बोट ठेवलं की दार उघडायचं, आत टेबलं दिसायची, टेबलाशी मुली. प्रत्येकीला पाच बोटं. ती चित्रं मी हातानं काढून, फोटो घेऊन आत घातली होती.

एवढ्यात पठाडे अण्णा आले. अण्णा आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी पहिली स्लाइड बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "लई भारी झालंय बाई. पण ह्याच्यात माणसं दिसंनात."

"आहेत की अण्णा. या मुली आहेत."

"तशी नाय. आपली माणसं. बोर्डावर कसं असतंय, वर मोठे, खाली शुभेच्छुक." आणि त्यांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात त्यांचा फोटो होता, पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि कानाला मोबाइल. मी म्हटलं, हे सादरीकरण आहे, चौकातला फ्लेक्स नव्हे. अण्णांचा चेहरा असा पडला की मला माझंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी उपाध्यक्षांचा फोटो आला, मग सचिवांचा, मग महिला मंडळाच्या द्वारकाबाईंचा पैठणीतला. एकाचा घेतला आणि दुसऱ्याचा टाकला तर पुढची दहा वर्षं हळदी-कुंकवाला कोण बोलावणार, हा विचार मलाही करावा लागतो. आठवड्याअखेर माझ्या पहिल्या स्लाइडवर खोली एक आणि मुंडकी एकोणीस झाली होती.

पण मी हार मानली नाही. मी कोपऱ्यात एक बारीक बटण केलं, 'शुभेच्छुक' नावाचं. दाबलं तरच एकोणीसजण उगवायचे, पुन्हा दाबलं की मावळायचे. अण्णा बेहद्द खूश. रोज संध्याकाळी येऊन ते स्वतः बटण दाबून बघायचे, आणि आपला फोटो इतरांच्या आधी अर्धा सेकंद येतो याची खात्री करून घरी जायचे. रंगीत तालीम मात्र पुरी झाली नाही. सगळी कॉलनी आमच्या हॉलमध्ये बसलेली, मी दुसऱ्या स्लाइडवर, आणि खालून कुणीतरी ओरडलं की नळाला पाणी आलं. आठव्या दिवसाचं पाणी. अर्ध्या मिनिटात हॉल रिकामा. शेवटी मीही गेले, कारण आमची टाकीसुद्धा खालीच आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मी पेनड्राइव्ह पदराला बांधल्यासारखा जपत कार्यालयात गेले. तिथं शेजूळ नावाचे लिपिक बसतात. माणूस वाईट नाही, पण नियमानं जेवतो. ते कागदांच्या गठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण करत होते, साहेबांनी जिथं सही करायची तिथं. आमच्या शाळेतले क्लार्कही असंच करायचे. मुख्याध्यापक कागद वाचायचे नाहीत, खूण शोधायचे.

"पेनड्राइव्ह चालत नाय," शेजूळ मान वर न करता म्हणाले. "व्हायरस येतो."

"मग ईमेल करते."

"दोन एमबीच्या वर जात नाय." माझं सादरीकरण बासष्ट एमबीचं होतं. एकटे अण्णाच चार एमबीचे होते.

"तुमच्या प्रोजेक्टरवर दाखवते मग, माझा लॅपटॉप आणते."

"प्रोजेक्टर कपाटात आहे. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं आहे, ते प्रशिक्षणाला गेलेत."

"कसलं प्रशिक्षण?"

शेजूळनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "सादरीकरणाचं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. सादरीकरण तीन प्रतींत, कागदावर, स्पायरल बाइंडिंग करून द्यायचं. प्रत्येक पानावर अध्यक्ष आणि अर्जदार यांची सही, कॉलनीचा शिक्का. मी म्हटलं, अहो, यात बटण दाबलं की दार उघडतं. ते म्हणाले, मग उघडल्यालं प्रिंट काढा. मी म्हटलं, मग ते संवादात्मक कसं राहील. ते म्हणाले, "ते तुम्ही बघा. संवादात्मक नसंल तर अपात्र होतंय बगा."

मी बाहेर येऊन झाडाखालच्या बाकावर बसले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं. अकरा दिवस मी त्या यंत्राशी झुंजले होते, मान आखडली होती, आणि आता मला उघडं दार छापून आणायला सांगत होते. घरी जाऊन बद्रीनाथरावांच्या पेपरामागून 'मी म्हणलंच होतं' ऐकायचं. जिन्यात चौथ्या पायरीवरून अपेक्षा विचारणार, काय झालं बाई. तिला काय सांगू, दोन एमबीत बसत नाहीस म्हणून? तिथं बसल्या बसल्या माझं डोकं तापलं आणि एकदम लख्ख झालं. कागदावर हवंय ना? कागदावर संवादात्मक हवंय? अरे, मी कार्यानुभवाची बाई आहे. पुठ्ठा, डिंक आणि कात्री यांवर माझी निम्मी नोकरी झाली. हे लोक मला कुठं बोलावत होते ते त्यांना कळलं नव्हतं.

तिथून थेट शहागंज गाठलं. फारूखभाईंचं तिथं छपाईचं दुकान आहे. राहतात आमच्याच कॉलनीत, शुभेच्छुकांत आठवे. मी म्हटलं, कागदाला दार बसवायचंय.

"हौ, उसमें क्या है बाजी," फारूखभाई म्हणाले. "निकाह के कार्ड में दो-दो दरवाजे लगाता मैं. लग्नपत्रिकेला पालखी उघडती, गणपती बाहर आता. तुमको कित्ते दरवाजे होना?"

"चाळीस. तीन प्रतींत."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "लग्न किसका है?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गल्ल्यावरून उठून स्वतः जाड कार्ड काढलं आणि घरी फोन करून जाहेदाभाभींना बोलावलं. जाहेदाभाभी शिवणकाम करतात. कार्डामागं एक गोल चकती बसवायची होती, ती फिरती कशी ठेवायची हा मला पडलेला प्रश्न त्यांनी टिच बटण लावून एका मिनिटात सोडवला. संगणकावरच्या माझ्या सगळ्या बटणांत मिळून जेवढी अक्कल नव्हती तेवढी त्या एका बटणात होती.

ती चकती हा माझ्या प्रस्तावाचा जीव. कार्डात एक खिडकी कापलेली, मागं गोल चकती, तिचे बारा कप्पे. चकती फिरवली की खिडकीत अपेक्षाच्या घरातली एकेक वेळ यायची. ती माहिती घ्यायला मी पायरीवर तिच्या शेजारी बसले. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सकाळी सहा, मिक्सर. आठ, भावांची आंघोळीवरून भांडणं. दहा, धुणं आणि रेडिओ. बारा, कुकर. दुपारी दोन, खालच्या मजल्यावर फरशीचं मशीन. चार, आत्याबाईंचा फोन, स्पीकरवर. सहा, मालिका. आठ, दुसरी मालिका.

"आणि सगळे झोपल्यावर?" मी विचारलं.

"तवा बाबा घोरतेत," ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "बाई, खरं सांगू का, मला आवाजाचं काय वाटंना झालंय आता. फक्त एकदा बसल्यावर कुणी उठवायला नको. तेवढं झालं तरी लई." मी तेही लिहून घेतलं, पण त्याला कप्पा सापडला नाही.

पुढच्या सोमवारी तीन जाडजूड प्रती घेऊन मी शेजूळांपुढं उभी राहिले. त्यांनी पहिली पट्टी ओढली. जिन्यावरची अपेक्षा सरकत सरकत खोलीत गेली. त्यांनी ती परत जिन्यावर आणली. मग आजूबाजूला बघून पुन्हा खोलीत नेली. मग त्यांना आपण कुठं बसलोय ते आठवलं असावं.

"हे चिकटवल्यालं आहे," ते म्हणाले. "शासकीय कागदावर चिकटवलं की खाडाखोड धरत्यात."

"संवादात्मक तुम्हीच म्हणाला होता."

त्यांनी बराच विचार केला. "मग असं करा. चिकटवल्याली प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्वतंत्र पान. तिच्यावर वेगळी सही, वेगळा शिक्का."

"आणि चकती?"

"चकतीच्या बारा कप्प्यांचं काय करावं," ते पुटपुटले. "चकती एक पान धरू."

मी म्हटलं, हे लेखी द्या. का ते त्या क्षणी मलाही ठाऊक नव्हतं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली की तोंडून आपोआप निघतं. शेजूळना माझ्या शिस्तीचा आदरच वाटला. त्यांनी पोचपावतीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सादरीकरणात चिकटविलेली प्रत्येक पट्टी हे स्वतंत्र पान समजण्यात येईल व त्यावरील सही ग्राह्य धरण्यात येईल.' खाली सही, तारीख आणि गोल शिक्का.

म्हणजे एकशेतेवीस पट्ट्या आणि तीन चकत्या. पठाडे अण्णांची सही लांबलचक, शेवटी दोन रेघा आणि तीन टिंबं. पहिल्या तीस सह्या त्यांनी आनंदानं केल्या. साठाव्या सहीला टिंबं गेली, नव्वदावीला रेघा गेल्या आणि शेवटी नुसतं 'प' उरलं. "बाई," ते बोटं चोळत म्हणाले, "पुढच्या वर्षी अध्यक्ष तुम्ही व्हा." मी माझ्या सह्या उरकून घरी आले तेव्हा बद्रीनाथरावांनी पेपर खाली ठेवला आणि उरलेल्या चाळीस पट्ट्यांवर शिक्के मारले. त्यांच्याकडून माफी अशीच येते, ती घ्यायची असते.

सगळं झाल्यावर मी शेवटच्या पानावर थांबले. त्या पानावर एक मोठं कुलूप काढलं होतं. कुलूप वर उचललं की खालच्या पट्टीवर 'धन्यवाद' लिहायचं ठरलं होतं. मी धन्यवाद लिहिलं नाही. मी लिहिलं, 'कुलूप उघडून खोली अभ्यासिकेसाठी देण्यास मान्यता.' खाली एक रिकामी रेघ. आणि रेघेशेजारी शिसपेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण.

सुनावणीच्या दिवशी साहेबांपुढं सात कॉलन्यांची सादरीकरणं होती, सगळी स्पायरल बाइंडिंग केलेली, सपाट. पाच कॉलन्यांना सेल्फी पॉइंट हवा होता. साहेब एका हातानं पानं उलटत होते आणि दुसऱ्या हातानं डोळे चोळत होते. माझी प्रत उघडली आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. 'शुभेच्छुक' उघडलं, एकोणीस माणसं बघून लगेच मिटलं. माझ्या मागं उभे असलेले अण्णा नाराज झाल्याचं मला न बघताही कळलं. मी दहा मिनिटांचं भाषण पाठ करून गेले होते, पण तोंड उघडलं नाही. काम चालू असताना वर्गात बोलायचं नसतं.

साहेब चकतीवर आले. मिक्सर, आंघोळ, रेडिओ, कुकर. पूर्ण एक फेरी झाली. त्यांनी दुसरी फेरी सुरू केली, आता सावकाश. प्रत्येक कप्प्यावर थांबत होते. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"बाई, यात शांततेची वेळ कोणती?"

"तीच मागायला आलोय साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी शेवटचं पान काढलं आणि कुलूप वर केलं. त्यांच्या हातात पेन होतं. त्यांनी खूण बघितली आणि सही केली. सवयीनं केली की वाचून केली, हे मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही.

शेजूळ पुढं झाले. "साहेब, ही सही पट्टीवर झाली. पट्टी म्हणजे पान नाय. नस्तीवर वेगळं टिपण लागंल, मग वरून मान्यता." वेगळं टिपण म्हणजे फेब्रुवारी, आणि फेब्रुवारी म्हणजे करमाड. मी पर्स उघडली, पोचपावतीची घडी उलगडली आणि साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी ती वाचली. यावेळी नक्की वाचली, ओठ हलताना मी बघितले.

"शेजूळ, ही सही तुमचीच ना?"

"व्हय साहेब."

"मग पट्टी म्हणजे पान," साहेब म्हणाले आणि पुढच्या कॉलनीला आत बोलावलं.

किल्ली अर्थातच सापडली नाही. आदेशात 'कुलूप उघडून' एवढंच होतं, कशानं ते नव्हतं, म्हणून फारूखभाईंनी कटर आणला. आत काय निघालं म्हणाल तर नऊ वर्षांपूर्वीचे फ्लेक्स, गुंडाळलेले. त्याच खोलीच्या उद्घाटनाचे. त्यावर पठाडे अण्णा होते, गॉगलमध्ये, केस काळे. अण्णा बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग स्वतः झाडू घेऊन आत शिरले. विश्वजीतनं दोन टेबलं आणली आणि भिंतीवर काहीतरी प्रेरणादायी लावू का विचारलं. मी सांगितलं, सहा शब्दांत असेल तर लाव. शेवटी त्यानं काही लावलं नाही.

भिंतीवर लावलेली एकच वस्तू म्हणजे तिन्हींतली शिक्का मारून आम्हाला परत मिळालेली पोच प्रत मोडून काढलेली ती चकती. अपेक्षा तिसऱ्या दिवसापासून तिथं बसते, आता तिच्यासोबत आणखी चार मुली असतात. परीक्षेला अजून दीड महिना आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, आणि कडूबाईंनाही मी तेच सांगितलंय, की आता त्यांनीही सांगायचं नाही.

परवा मी दार लोटून घ्यायला गेले तेव्हा सहज चकती फिरवली. मिक्सर, भांडणं, रेडिओ, कुकर. संध्याकाळी सहाच्या कप्प्यात 'मालिका' हा शब्द पेनानं खोडलेला होता आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शांतता'. खाडाखोड झाली म्हणून खाली नियमाप्रमाणं अपेक्षाची सही होती.